बेबीचं गाणं आणि दामूचा डोळा

बेबी, तुझी राख सावडली त्याच दिवशी दुपारी तुझ्या भावानं माझा अ‍ॅम्प्लिफायर फोडला. कुदळीच्या दांड्यानं फोडला. मग वरातीतल्या माणसांनी त्याला फोडलं. कपाळाला टाके पडले, उजव्या हाताची बोटं मोडली, आणि तू त्याच्याकडे शिल्लक ठेवलेला एकुलता एक डोळा सुजून बंद झाला. आता उघडला आहे. हे तुला सांगणं भाग आहे, कारण दामूभाऊवरून तुझं-माझं भांडण उभा जन्म चाललं आणि तू ते अर्धवट टाकून गेलीस. त्याला मात्र इथंच ठेवून गेलीस. त्याचं आता काय करायचं, हा प्रश्न तुझ्या माघारी सगळ्यांनी माझ्याकडे बघत विचारला.

वर्तमानपत्रात तुझा फोटो आला. खाली छापलं होतं, ‘गोड गळ्याच्या ऑर्केस्ट्रा गायिका’. मी तो कागद घडी करून ठेवला, पण खरं सांगते, हसू आलं. तुझ्या गळ्यात गोड काय होतं? रुई होती. ज्या गाण्यानं दिग्रसपासून ढाणकीपर्यंत एक वरात सुकी जाऊ दिली नाही, त्या गाण्यात तुझा आवाज जो खरखरतो, तो गाणं टेप केलं त्या दिवशी घशात गेलेल्या कापसाच्या रुईमुळे. किती पोरींनी तो आवाज काढायचा प्रयत्न केला. कोणी तंबाखूची मिश्री लावली, कोणी मुद्दाम ओरडून घसा बसवला. जिनिंगच्या गोदामात जाऊन श्वास घ्यावा, हे कोणाला सुचलं नाही.

त्या दिवसाबद्दल आपण दोघी कधी नीट बोललो नाही. मी बोलायला गेले की तू चहा ठेवायला उठायचीस. आता उठू शकत नाहीस, तर ऐक.

गोदाम गजूमास्तरनं मिळवलं होतं. ऑर्केस्ट्राचा कीबोर्ड त्याचा, चाल त्याची, आणि जिनिंगचा चौकीदार त्याचा साडू. रविवारी जिनिंग बंद. पत्र्याखाली रुईच्या गाठींच्या भिंतीच भिंती आणि मध्ये खोलीएवढी मोकळी जागा. मास्तर म्हणाला होता, मुंबईच्या स्टुडिओत भिंतीला लावतात तो कापूसच असतो, आपल्याकडे तर गाठीच आहेत. ते खोटं नव्हतं. आवाज गाठींमध्ये मुरायचा, घुमायचा नाही. माझ्या बाबांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, म्हणून टेपरेकॉर्डर आमचा आणि तो चालवायला मी. कॉलेजात होते. मला गाण्यातलं काही कळत नव्हतं, आवाज दाखवणारा काटा लाल रेषेच्या पुढे जाऊ द्यायचा नाही एवढंच कळत होतं. अजूनही तेवढंच कळतं आणि त्यावर माझा धंदा उभा आहे.

गाण्याचे शब्द मास्तरनं तुझ्याच तोंडातून उचलले होते. रोज तालमीच्या वेळी दामूभाऊ दारात उभा राहून ओरडायचा, ‘बेबे, चाल घरी.’ आणि तू माईकमध्येच उत्तर द्यायचीस, ‘हे होऊ दे, मंग जाईन घरी.’ सगळे हसायचे. मास्तर हसला नाही, त्यानं त्याच्यावर डिस्को बसवला. ‘जरा नाचू दे मले, मंग जाईन घरी.’ त्या काळी आपल्याकडे सगळे ऑर्केस्ट्रावाले हिंदी डिस्को गात होते, नाकातून. वऱ्हाडीत डिस्को म्हणजे बैलाला टाय बांधल्यासारखं आहे, असं आपला ड्रमवाला म्हणाला होता. तरी त्यानं वाजवला.

त्या रविवारी तुला पाहायला पुसदकडचे पाहुणे येणार होते. ते तू आम्हाला सांगितलं नव्हतंस. पाहुणे घरी बसलेले, पोह्यांच्या बश्या रिकाम्या झालेल्या, आणि पोरगी गोदामात.

तू खोकून खोकून दोनदा गाणं तोडलंस. तिसऱ्यांदा चांगलं चाललं. दुसरं कडवं संपत आलं होतं तेव्हा दामूभाऊ आत आला. बाजार समितीत पोती उचलणारा माणूस, दंड असे की शर्टाची शिवण उसवलेली. हातात काठी. बोललाच नाही. पहिली काठी मास्तरच्या पाठीत बसली. मास्तर तोंडावर कीबोर्डवर पडला आणि त्याचं कोपर एका सुरावर दाबलं गेलं. तो सूर तसाच वाजत राहिला. मग दामूभाऊनं ड्रमला लाथ घातली. ड्रम गाठींवर जाऊन आदळला, झांज गरगरत दारापर्यंत गेली. ड्रमवाला गाठींमागे पळाला. सगळं थांबलं. फक्त मास्तरच्या कोपराखालचा तो एकच सूर.

मग त्यानं काठी तुझ्यावर उगारली. तुझ्या पायाशी एका सुटलेल्या गाठीची लोखंडी पट्टी पडली होती, त्या पट्टीला स्प्रिंगसारखा ताण असतो आणि कडेला धार. माईक डाव्या हातात होता तो तू सोडला नाहीस. उजव्यानं पट्टी उचललीस आणि फिरवलीस. तेव्हा तुझ्या तोंडून निघालं, ‘हट्’.

ते टेपवर आलं. मी बटण बंद केलं नाही. ड्रमवाल्यानं मागाहून विचारलं, तुले भेव नाही वाटलं का. काटा लालमध्ये गेला होता आणि मी तो खाली आणत होते, एवढंच मला आठवतं. नजर काट्यावर होती. मान वर केली तेव्हा तू गातच होतीस. ड्रमवाल्याला काय झालं देव जाणे, तुला गाताना बघून तो बाहेर आला आणि जो एक ड्रम उभा होता तो बडवायला लागला, जीव घेऊन पळाल्यासारखा. म्हणून ते गाणं शेवटी पळतं. मास्तर नाकातलं रक्त पुसत उठला आणि कीबोर्डवर तुमच्या मागे धावला. दामूभाऊ एका गाठीवर बसला होता, डोळ्यावर हात, बोटांमधून रक्त. पांढऱ्या रुईवर ते फार लाल दिसत होतं. तो बधिर झाला असावा असं मी धरून चालले.

गाणं संपल्यावर त्याला सायकलरिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डोळा गेला. डॉक्टरला त्यानं सांगितलं, गाठ उचलताना पट्टी तुटून लागली. हमालांना अशा जखमा होतात, डॉक्टरनं मान हलवली. बहिणीनं मारलं हे सांगायची लाज वाटली असणार, असं मी तेव्हा म्हटलं. तू चहा ठेवायला उठलीस. पुसदचे पाहुणे गेले ते गेलेच.

आणि गाणं चाललं. काय चाललं. कॅसेटवर तुझं नाव नव्हतं, ‘डिस्को धमाका’ एवढंच होतं, पण बसमध्ये, जत्रेत, पानठेल्यावर तेच. तांड्यावरच्या बंजारा लोकांनी होळीला त्याच चालीवर गोर बोलीत आपले शब्द घातले, आणि ते तुझ्यापेक्षा वाह्यात होते. आता डीजेवर त्याच्याखाली असा बेस घालतात की खिडक्यांच्या काचा निघतात. नवी गाणी येतात, एक लगीनसराई टिकतात. हे का टिकलं, मला लोक विचारतात, कारण साऊंड सर्व्हिसवालीला सगळं माहीत असतं असा त्यांचा समज आहे. मला वाटतं, त्या थांबण्यामुळे. सगळी वरात नाचत असते, तो एक सूर लागतो, आणि जो जिथं आहे तिथं हात वर करून गोठतो. म्हातारे, बाया, घोड्यावरचा नवरदेवसुद्धा. मग ‘हट्’ येतं आणि सगळे एकदम उडी मारतात. बाकीच्या गाण्यांत नाचायला मिळतं. या गाण्यात मारायला मिळतं. कोणाला, ते ज्याचं त्याला ठाऊक.

आणि खरंच मारायचे. थांबण्यात जो हलला तो हरला, असा खेळ झाला ना. महागावची ती वरात आठवते का, तुला मी सांगितली होती. नवरदेवाचा मामा ओरडला, ‘जावाई हालले. म्या पाह्यलं.’

जावई म्हणजे नवरदेवाच्या बहिणीचा नवरा, फेटा, मनगटात जाड कडं. ‘कोण हाललं?’

‘तुमी. पोट हाललं तुमचं.’

‘माह्या पोटाकडे कायले पाहून राह्यले तुमी?’

‘एवढं मोठं हाय, पाहाच लागते.’

भर वरातीत जावयाला हरलास म्हणायचं. हे आपल्याकडे वीट मारण्यापेक्षा वाईट. जावयानं वीटच मारली. मामाचा कान अर्धा लोंबला. मग रोषणाईचे खांब उपटले गेले, ट्यूबलाइटी लोकांच्या डोक्यावर फुटल्या, घोडं नवरदेवाला घेऊन जे सुटलं ते तुरीच्या शेतात. मी जनरेटर बंद केला तरी लोक एकमेकांना मारतच होते, आणि मारताना तोंडानं ‘हट्’ म्हणत होते. तुला सांगितलं तेव्हा तू हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिलीस. मग एकदम विचारलंस, ‘कान जुडला का त्याचा?’

तू आयुष्यभर ते गाणं गायलीस. जत्रेत, गणपतीत, आमदाराच्या वाढदिवसाला. खुर्च्या उडत असताना गायलीस. उमरखेडकडे एकानं स्टेजवर चढून तुझा हात धरला तेव्हा त्याच्या तोंडावर माईक मारून पुढची ओळ घेतलीस, आणि त्याचा दात माईकच्या जाळीत अडकला होता. पण ‘हट्’ तू परत कधी म्हटलं नाहीस. तिथं आलं की माईक लोकांसमोर धरायचीस, लोक म्हणायचे. सगळ्यांना ती तुझी स्टाईल वाटली. मी म्हणायचे, लोक तुह्या हट् साठी येतात बाई, एकदा तं म्हण. तू म्हणायचीस, ‘एकदा झालं ना.’

बस, एवढंच बोलायचीस तू त्याबद्दल.

आणि त्या काण्याला पोसत राहिलीस. हो, लिहिते काण्या. बाजारात हाच शब्द वापरला म्हणून तू मला भर भाजीबाजारात कानफटात मारली होतीस, मेथीची जुडी हातात असताना. त्यानंतर किती दिवस आपण बोललो नव्हतो. आज मारू शकत नाहीस म्हणून लिहिते असं समज हवं तर.

पण माझं काय चुकलं होतं, सांग. एक डोळा गेल्यावर तो पोती उचलायचा बंद झाला. घरात बसून दारू प्यायचा आणि भांडी फेकायचा. तुमच्या घरात एक पातेलं सरळ नव्हतं. त्यानं फेकलेल्या पितळी लोट्यानं तुझा समोरचा दात गेला. तू त्याच्या पाठीत लाटणं मोडलंस. गल्लीतल्या बाया आवाजावरून ओळखायच्या, हे ताट त्याचं, हा तांब्या तिचा. मी एकदा पोलीस घेऊन आले, तर तू त्या हवालदाराला खुर्ची दिलीस, चहा दिलास, आणि म्हणालीस, ‘साहेब, भांडं पडलं. आमच्या घरी भांडे लै पडतात.’ दामूभाऊ आतून म्हणाला, ‘साखर कमी हाय चहात, साहेबाले इचार.’ हवालदार हसत गेला.

‘काहून ठेवतं त्याले?’ मी विचारलं.

‘कुठं ठेवू मंग? तुह्या घरी?’

‘डोळा गेला तं चुकी त्याची. तो आला होता काठी घेऊन.’

‘संधे, तू तुह्या काट्याकडे पाहाय.’

तेव्हा मला वाटलं, तू मला दुकानदार म्हणून हिणवलंस. नागपूरहून एक पोरगा कॅमेरा घेऊन आला होता, गाण्याची गोष्ट विचारायला, त्यालाही तू खरकट्या पाण्याची बादली दाखवून घालवलंस. ‘गाणं आयकाचं असन तं आयक. बाकी काय इचारतं?’ मी त्या दिवशी तुला म्हटलं, ही गोष्ट सांगितली तर तुझं नाव होईल. तू म्हणालीस, ‘अन् त्याचं?’ मी म्हटलं, त्याचं नाव काण्याच आहे, अजून काय व्हायचंय. तो दिवसही तिथंच बिघडला.

तर आता त्या दुपारचं.

राख सावडून आम्ही बाया तुझ्या ओसरीवर बसलो होतो. दामूभाऊ आत, भिंतीकडे तोंड करून. त्या दिवशी मारुतीच्या देवळाकडून वरात निघणार होती आणि डीजे माझा होता. बुकिंग आधीचं, मोडता येत नव्हतं. माझ्या ऑपरेटरला, बबलूला, मी बजावून सांगितलं होतं, बेबीचं दार आलं की आवाज बंद. सुतकाच्या घरासमोरून वाजवत नेत नाहीत, हे आपल्याकडे लहान लेकराला कळतं. बबलूलाही कळत होतं. पण बबलूनं विचार केला. माझ्याकडची माणसं विचार करायला लागली की नुकसान होतं. त्याला वाटलं, हे घर साधं नाही, बेबीताईचं आहे. इथं बंद करण्यापेक्षा तिचंच गाणं लावावं, मान म्हणून. नवरदेवाच्या बापालाही ते पटलं. त्यानं घोड्यावरच्या पोराला फेटा उतरवून हातात घ्यायला लावला.

गाणं लागलं तशी मी उठले. ओसरीच्या पायरीपर्यंत गेले तोवर दुसरं कडवं संपलं आणि तो सूर लागला. सगळी वरात तुझ्या दारासमोर गोठली. हात वर, माना वर. बेबी, ते वाईट दिसत नव्हतं. इतकी माणसं आणि एकाचीही पापणी हलत नाही. बायांनी पदर डोळ्याला लावले.

तेवढ्यात माझ्या बाजूनं दामूभाऊ खाली उतरला. हातात कुदळीचा दांडा. त्या गोठलेल्या माणसांमधून सावकाश चालत गेला, एकाला ढकललं, दुसऱ्याच्या काखेखालून गेला. कोणी हललं नाही. जो हलला तो हरला ना. काहींना वाटलं, म्हातारा पण खेळतोय. तो डीजेच्या गाडीवर चढला आणि ‘हट्’ यायच्या आत त्यानं दांडा घातला. एक, दोन. काच, मग पत्रा, मग आतलं. गाणं मेलं. तिसरा घाव मिक्सरवर बसला, चौथा बबलूच्या खांद्यावर.

मग सगळे हलले. त्याला टांग धरून खाली ओढलं. लाथा, बुक्क्या, कोणीतरी त्याच्याच दांड्यानं बोटांवर मारलं. ‘माजला का बे काण्या’, ‘बहिनीच्या गाण्यावर उठला’, असं ओरडत होते. तुझ्या मानासाठी आलेले लोक तुझ्या दारात तुझ्या भावाला मारत होते. मी मध्ये घुसले. माझ्या हातात काही नव्हतं म्हणून पायातली चप्पल काढली आणि जो सगळ्यात वर होता त्याच्या तोंडावर हाणली. तो नवरदेवाचा काका निघाला. मला एक कोपर लागलं, ओठ फाटला. शेवटी घोड्यावरून नवरदेवच ओरडला, ‘मुहूर्त टळून राह्यला बावा, सोडा त्याले.’ मुहूर्त म्हटल्यावर सोडला.

सरकारी दवाखान्यात त्याला टाके घालत होते तेव्हा मी शेजारी स्टुलावर बसून ओठाला बर्फ लावत होते. माझा सगळा राग अ‍ॅम्प्लिफायरचा होता. लगीनसराईच्या तोंडावर.

‘दामूभाऊ, तुमच्या बापाचा होता का तो डबा?’

नर्सनं पुढचा टाका घातला.

‘जिती होती तोवर छळलं. आता मेल्यावर तिच्या गाण्यालेही सुख नाही. काहून फोडला?’

नर्सनं सुई काढली. त्यानं सुजलेला डोळा माझ्या आवाजाकडे वळवला.

‘ते हट् तिचं होतं ना.’

‘मंग?’

‘ती तं गेली. आता कोन मारून राह्यलं मले?’

नर्सनं माझ्याकडे पाहिलं. मी बर्फ खाली ठेवला.

तो म्हणाला, ‘घरात राहाची तवा ठीक होतं. भाईर गान्यात वाजाचं हट्, मी आत पाहाचो, ती भाकर टाकून राह्यली. म्हनलं, हाय. आज वाजनार होतं अन् आत कोनी नोतं.’

मी तेच विचारलं जे तुला विचारत आले. ‘तिनं तुमाले काहून ठेवलं जलमभर?’

‘मले काय मालूम. तिले इचाराचं होतं.’

‘इचारलं. नाही सांगत होती.’

नर्स त्याच्या बोटांना बँडेज बांधून गेली. मला वाटलं, झोपला. मग म्हणाला, ‘त्या दिशी पट्टी लागली ना, मी बोंबलनारच होतो. आग आग झालती. तं तिनं हात केला.’ आणि त्यानं बँडेजचा पंजा वर धरला, थांब म्हणतात तसा. ‘पट्टी टाकून देली अन् असा हात केला. गात होती, तोंड बंद नाही केलं. निस्ता हात. मंग मी बसलो.’

‘अन्?’

‘अन् काय? बसलो. गानं होऊ देलं.’

मी तिथं होते, बेबी. माझ्यापासून तू किती लांब होतीस, दवाखान्यातल्या त्या खाटेपासून खिडकीएवढी. मी तो हात पाहिला नाही, कारण मी काट्याकडे पाहत होते. तू मला ते तोंडावर सांगितलं होतंस आणि मी ते शिवी म्हणून घेतलं.

घरी जाऊन मी मूळ कॅसेट लावली. ती माझ्याकडेच आहे. ‘हट्’ येतं, ड्रम सुरू होतो, तुझा आवाज, मास्तरचा कीबोर्ड, शेवटपर्यंत. मधे कण्हल्याचा आवाज नाही. हुंदका नाही, शिवी नाही. जो माणूस चहात साखर कमी पडली तर गल्ली गोळा करतो, तो पट्टीनं डोळा फुटलेला असताना अख्खं कडवं आणि दोन धृपदं गप्प बसला. तेही ज्या गाण्याला तोडायला काठी घेऊन आला होता, त्याच्यासाठी. धंद्याच्या कामानं मी ही कॅसेट किती वेळा ऐकली असेल. त्यात काय नाही, हे ऐकायचं राहून गेलं होतं.

मला वाटतं, मला उत्तर कळलं. पण तू ते सांगितलं नाहीस आणि मी ते लिहिणार नाही. एवढंच म्हणते, हवालदाराला तू चहा दिलास ते बरोबर केलंस. भाजीबाजारातली कानफट जरा जास्त होती, पण चालेल.

घरमालकानं खोली महिनाअखेर रिकामी मागितली. तुझ्या चुलत भावांनी दहाव्याला एकमेकांकडे पाहिलं आणि वृद्धाश्रमाचा विषय काढला. एकजण म्हणाला, ‘अशाले घेईन कोन? तो तं तिथल्या म्हाताऱ्यायले मारन.’ ते खरं आहे. माझ्या घरी आमचे हे म्हणाले, ‘पाहा बाई, एक अ‍ॅम्प्लिफायर गेला, आता दुसरा घ्या लागन. अन् हा घरात राहिला तं तिसरा.’ तेही खरं आहे. दुकानामागे खोली आहे. तिथले जुने बॉक्स मी काढले, खाट टाकली, आणि त्याला रिक्षात घालून आणला. त्याची पेटी, तुझी दोन पातेली आणि तो पितळी लोटा. लोटा मी वरच्या फळीवर ठेवला आहे, त्याचा हात पुरणार नाही असा. लोकांना सांगितलं, दुकानाला राखणदार पाहिजे होता. कोणाला पटलं नाही. मी पटवत बसले नाही.

पहिला दिवस शांत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी वरणात मीठ नाही म्हणून त्यानं डाव्या हातानं ताट भिरकावलं. भिंतीवर वरण, माझ्या साडीवर भात. मी भाकरी करत होते, हातात उलथणं होतं. विचार केला नाही. त्याच्या मनगटावर एक लावलं, चांगलं सणसणीत.

त्यानं मनगट उघड्या डोळ्यासमोर धरून पाहिलं. वळ नीट उमटला आहे का ते पाहावं तसं. मग म्हणाला, ‘बेबीचा हात जड होता. तुह्यात तो जोर नाही.’

मी फडकं घेऊन भिंत पुसायला लागले. म्हटलं, ‘येईन जोर. दोनच दिस झाले ना आत्ता.’